पद्म नामांकनाचे पोर्टल: माजी सैनिकांसाठी राबणाऱ्यांचे नाव सुचवताना

माजी सैनिकांच्या आणि वीरनारींच्या कागदपत्रांसाठी पदरमोड करून खेटे घालणारी माणसे गोव्यात पेडण्यापासून काणकोणपर्यंत आहेत. त्यांतल्या कोणाचे नाव पद्म पुरस्कारासाठी सुचवायचे, तर दार एकच: केंद्राचे राष्ट्रीय पुरस्कार पोर्टल, अवॉर्ड्स डॉट गव्ह डॉट इन. नामांकन फक्त ऑनलाइन. फी नाही, आमदाराचे शिफारसपत्र लागत नाही. कोणीही कोणाचेही नाव देऊ शकतो, स्वतःचेसुद्धा. सेवा म्हणून या पोर्टलला पाचपैकी साडेतीन तारे द्यायला हरकत नाही. उरलेले दीड का कापले, ते पुढे येईलच.

माजी सैनिकांच्या सेवेसाठी वेगळे क्षेत्र नाही. फौजेचा संबंध आला म्हणून ‘सार्वजनिक व्यवहार’ निवडायचा मोह होतो, निवडायचे ‘समाजकार्य’. पात्रता आधी तपासा. डॉक्टर आणि शास्त्रज्ञ सोडून सेवेत असलेले सरकारी कर्मचारी, सार्वजनिक उपक्रमांतलेसुद्धा, अपात्र आहेत. म्हणजे सैनिक कल्याण खात्यातला कारकून कितीही देवमाणूस असला, तरी नोकरीत असेपर्यंत त्याचे नाव चालणार नाही. निवृत्त सुभेदाराचे चालेल. मरणोत्तर पद्म सहसा देत नाहीत, तेव्हा ऐंशी ओलांडलेल्या माणसाबाबत ‘पुढच्या वर्षी बघू’ नको.

खरी परीक्षा माहितीच्या रकान्यात. कार्याचे वर्णन जास्तीत जास्त ८०० शब्दांत मागतात आणि बहुतेकांचे शब्द ‘निःस्वार्थी’, ‘थोर’, ‘अहोरात्र’ यांतच खर्ची पडतात. मजकूर आधी वेगळ्या फाइलमध्ये लिहा, शब्द मोजा, मग तिथे चिकटवा.

‘अनेक विधवांना पेन्शन मिळवून दिली’ या वाक्यातून वाचणाऱ्याला काहीच कळत नाही. पेन्शन अडली कुठे होती, ते लिहा. गोव्यात ती हमखास स्पेलिंगवर अडते. जुन्या जन्म-विवाह नोंदीत परब, नाईक, गावकर ही आडनावे पोर्तुगीज वळणाने लिहिलेली, आधारवर इंग्रजी वळणाने आणि रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसात तिसऱ्याच तऱ्हेने. नवरा गेल्यावर ही तीन नावे एकाच बाईची आहेत, हे सिद्ध करत बसावे लागते: प्रतिज्ञापत्र, रेकॉर्ड ऑफिसशी पत्रव्यवहार, पीपीओमध्ये (पेन्शन मंजुरीच्या आदेशात) दुरुस्ती आणि मग कुटुंब निवृत्तिवेतन. ही साखळी कोणी तडीस नेली, कोणत्या तालुक्यांत, कोणत्या सालापासून, किती घरांसाठी, हे चार ओळींत मांडले की विशेषणांची गरज उरत नाही.

दुसरे उदाहरण हयातीच्या दाखल्याचे. पेन्शन बँकेकडून ‘स्पर्श’ या संरक्षण खात्याच्या ऑनलाइन पेन्शन यंत्रणेवर गेली, तरी जीवन प्रमाण, म्हणजे हयातीचा डिजिटल दाखला, भरताना पेन्शन देणारी संस्था म्हणून सवयीने बँकच निवडली जाते. दाखला निघतो, प्रमाण क्रमांकही मिळतो, पण तो स्पर्शपर्यंत पोचत नाही आणि पेन्शन थांबते. तिथे प्रयागराजच्या पीसीडीएचा (संरक्षण लेखा कार्यालयाचा) ‘स्पर्श’ हाच पर्याय हवा. शेतात राबून ज्यांच्या बोटांचे ठसे उमटत नाहीत, त्यांचा दाखला मोबाइलवर चेहरा दाखवून निघतो. हे ठाऊक असलेला माणूस सत्तरी तालुक्यात घरोघरी जाऊन पाच-दहा मिनिटांत काम उरकतो. एरवी म्हाताऱ्यांवर त्यासाठी वाळपईहून कदंब बसने पणजी गाठायची वेळ येऊ शकते. अर्जात हेच हवे.

२०२४ साली गोव्याचे शेतकरी संजय अनंत पाटील यांना पद्मश्री मिळाली. खडकाळ जमीन आणि तिला पाणी देणारा, स्वतः खणलेला बोगदा बोटाने दाखवता येतो. कागदपत्रांची सेवा अशी डोळ्यांना दिसत नाही, म्हणून तिच्या अर्जात आकडे आणि गावे जास्त लागतात. मात्र लाभार्थींचे पीपीओ किंवा आधार क्रमांक पुराव्यादाखल जोडू नका. तो आगाऊपणा ठरेल आणि फसवणुकीला वाव मिळेल तो वेगळाच.

आता कापलेल्या ताऱ्यांविषयी. मुदतीचा भरवसा नाही. २०२५ मध्ये नामांकने १५ मार्चला सुरू झाली, शेवटची तारीख ३१ जुलै होती, ती वाढवून १५ ऑगस्ट केली. दर वर्षी वाढेलच असे धरून चालू नका. पावसाळ्यात गावातली वीज आणि नेट यांचा भरवसा त्याहून कमी. शिवाय निवड झाली नाही तर का झाली नाही, हे समजायला मार्ग नाही. कॅबिनेट सचिवांच्या अध्यक्षतेखालची समिती शिफारस करते, मरणोत्तर आणि अनिवासी-परदेशी व्यक्तींचे सोडून एका वर्षात १२० च्या वर पुरस्कार देत नाहीत आणि २५ जानेवारीच्या यादीत नाव दिसले तर दिसले.

मिळालाच, तर सनद आणि पदक. रोख रक्कम नाही, रेल्वे-विमान सवलतही नाही. आणि ही पदवी नव्हे: लेटरहेड, निमंत्रणपत्रिका, पोस्टर, कुठेही नावाच्या मागेपुढे ‘पद्मश्री’ लावायला मनाई आहे. गैरवापर झाल्यास पुरस्कार गमावण्याची वेळ येऊ शकते. सत्काराचा फलक रंगवणाऱ्याला हे आधीच सांगून ठेवा.