आठ महिन्यांचा कोर्स आणि दोन रकान्यांची वही

गेल्या जूनमध्ये बालवाडीच्या प्रमुखांसाठीच्या नेतृत्वाच्या कोर्सचे पैसे भरले, जानेवारीत तो संपला, आता परत जून आलाय. संपल्या संपल्या लिहिलं असतं तर नुसतं कौतुक झालं असतं, म्हणून थांबले होते. संस्थेचं नाव टाकत नाही. माझा अनुभव एका बॅचचा, बाकीच्यांचं मला माहीत नाही.

मी नाशिकला इंदिरानगरमध्ये एक छोटी बालवाडी सांभाळते. चार वर्ग, पाच ताया, दोन मावश्या, ९६ मुलं. बारा वर्षं वर्गावर काढली आणि आधीच्या बाई निवृत्त झाल्या म्हणून प्रमुख झाले. बहुतेक ठिकाणी असंच होतं. आरटीई म्हणजे शिक्षणहक्क कायदा ६ ते १४ वयाचा, आमची तीन ते सहाची पोरं त्याच्या बाहेर. बालवाडीच्या प्रमुखाला काय यायला हवं, हे कुणी विचारतच नाही. चांगली शिकवते ना? मग बसवा खुर्चीत.

फी १८ हजार, दोन हप्त्यांत. महिन्यातले दोन शनिवार गंगापूर रोडला दिवसभर, दर बुधवारी रात्री साडेआठला ऑनलाइन तास आणि वर आपल्या शाळेत करायची कामं. रात्री साडेआठ ही वेळ ज्यांनी ठरवली, त्यांच्या घरी पोळ्या कोण करतं हे विचारायचं राहून गेलं.

पहिले दोन महिने नुसत्या स्लाइड्स. 'तुमची नेतृत्वशैली ओळखा' अशी एक चाचणी होती, त्यात प्रत्येकाला एक पक्षी मिळाला. मी घुबड निघाले. आता हे तायांना जाऊन सांगू का? मराठी टिपणं इंग्रजीवरून उतरवलेली होती. पालकांना त्यात 'भागधारक' म्हटलं होतं, मला वाटलं शेअर बाजारात आले की काय. धोरणाचा तास मात्र उपयोगी पडला. २०२०च्या शैक्षणिक धोरणात ३ ते ८ वर्षं हा एकच पायाभूत टप्पा धरलाय, म्हणजे बालवाडीची तीन वर्षं आणि पहिली-दुसरी एकत्र. ते ऐकून मी शेजारच्या प्राथमिक शाळेत पहिलीच्या बाईंना भेटायला गेले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा! आमची मुलं पुढे त्यांच्याकडेच जातात.

माझे पैसे वसूल झाले ते ऑगस्टपासून, निरीक्षणाच्या वहीत. पानाच्या मधोमध रेघ. डावीकडे 'दिसलं', उजवीकडे 'वाटलं'. वर्गात मुलांच्या उंचीच्या स्टुलावर पंधरा मिनिटं बसायचं, बोलायचं नाही, कुणाचं नाक वाहत असलं तरी उठायचं नाही. पहिल्या दिवशी मी 'दिसलं'खाली लिहिलं: ताई उत्साही, मुलं रमलेली, वातावरण छान. आमच्या मार्गदर्शक बाईंनी सगळं खोडून उजवीकडे सरकवलं. डावा रकाना कोरा!

मग एकदा मधल्या गटात बसले. ट्रेमध्ये चिंचोके, बटणं, शिंपले, कापसाचे बोळे. एक मुलगा गुपचूप दोन ढीग करत होता. ताई शेजारी बसून, "हे काय आहे? कोणता रंग? मोठं कुठलंय? किती झाले?" पंधरा मिनिटांत २३ प्रश्न, मुलगा बोलला चार शब्द. पूर्वीची मी असते तर "सरका, मी दाखवते" म्हणून वर्गच ताब्यात घेतला असता. दोन ताया माझ्या याच सवयीपायी सोडून गेल्या असाव्यात, हे आता कळतंय. या वेळी चहाच्या वेळेला नुसती वही तिच्यापुढे सरकवली. तिने वाचलं आणि म्हणाली, "अगंबाई, मी त्याला श्वास तरी घेऊ दिला का?"

कोर्समध्ये सांगितलं होतं, प्रश्न विचारला की मनात तीन सेकंद मोजा. ऐकायला फुटकळ वाटतं, पण वर्गात तीन सेकंद फार लांब असतात. पंधरा दिवसांनी तोच मुलगा, तोच ट्रे. ताई गप्प. पोरगा आपणहून म्हणाला, "हे आवाज करणारे, हे नाही करणारे." तो एकेक वस्तू ट्रेवर टाकून ऐकत होता. रंग त्याच्या डोक्यातच नव्हता.

पालकांशी कसं बोलावं यावरचा शनिवार मात्र फुकट गेला. दिवाळीनंतर एक आजोबा आले. "अहो मॅडम, याला अजून 'क' येत नाही. शेजारची पोरगी शंभरपर्यंत म्हणते." मी कोर्सचं ठरलेलं उत्तर दिलं, धोरण वगैरे. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "बरं, पण 'क' कधी?" शेवटी त्यांना तासभर वर्गातच बसवलं. नातू ओला स्पंज पिळून एका वाटीतलं पाणी दुसरीत नेत होता. हीच बोटं उद्या पेन्सिल धरणार, एवढंच मी सांगितलं. आता 'क' महिन्यातून एकदाच विचारतात.

'सहकाऱ्यांना प्रेरणा कशी द्यावी' यावर अख्खा दिवस गेला, पगाराचा शब्द नाही. आमच्या तायांना काय मिळतं ते लिहायला मला लाज वाटते. आपल्याकडे बालशिक्षणाचा पाया घालणाऱ्या ताराबाई मोडकांना तर एक स्लाइड आणि पाच मिनिटं. १९४५मध्ये बोर्डीला काम सुरू करणारी ही बाई. मुलं शाळेत येईनात तर शाळाच पाड्यावर, अंगणात नेली, गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली. नेतृत्वाच्या कोर्समध्ये याहून मोठं उदाहरण कुठून आणणार? पण घुबड-गरुडाला दोन तास.

सर्टिफिकेट एप्रिलमध्ये आलं, तेही आडनाव चुकवून.

कुणी घ्यायचा विचार करत असेल तर आधी एकच गोष्ट विचारा: मार्गदर्शक प्रत्यक्ष तुमच्या शाळेत येतात का? माझ्याकडे तीनदा आल्या, सगळा फरक त्यानेच पडला. नाशिकरोडच्या एका मैत्रिणीने दुसरीकडचा असाच कोर्स केला, तिथे सगळं व्हिडिओवर. तिच्या हाती फाइलशिवाय काही लागलं नाही. आणि एकट्याने बालवाडी चालवत असाल तर घाई करू नका, हाताखाली दोन-तीन ताया असल्या तरच यातलं काही वापरायला मिळतं.

वही आता तायांकडेच असते, त्या एकमेकींच्या वर्गात बसतात. मागच्या आठवड्यात नवी ताई माझ्या गोष्टीच्या तासाला बसली होती. डाव्या रकान्यात तिने लिहिलं: 'मॅडमनी गोष्ट सांगताना दोनदा मोबाइल बघितला.' उजवा रकाना तिने कोरा ठेवला होता.