बारावीनंतर काय? तालुक्याचं बीए, ॲग्री, नर्सिंग की डिप्लोमा

बारावीचा निकाल मे महिन्यात लागतो, सीईटीचा जूनमध्ये, आणि प्रवेशाच्या फेऱ्या जुलै-ऑगस्टभर चालतात. आपल्याकडे नेमके हेच पेरणीचे दिवस. बियाण्याच्या थैल्या, डीएपी, युरिया, निंदणाची मजुरी असा सगळा पैसा घरातून बाहेर जात असतो. सोयाबीन घरात यायला दसरा उजाडतो, कापूस तर दिवाळीच्या पुढे. त्यामुळे विदर्भातल्या खेड्यात ‘कोणता कोर्स घ्यायचा’ याच्या आधी ‘जुलैमध्ये किती भरावे लागतील’ हे विचारलं जातं, आणि पुष्कळदा त्या दुसऱ्या उत्तरावरच पहिलं ठरतं.

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी ऑनलाइन फॉर्म भरून देतो. प्रवेशाचे, महाडीबीटीचे (शिष्यवृत्तीच्या सरकारी पोर्टलचे), जातपडताळणीचे. पोरं आणि त्यांचे मायबाप समोर बसून बोलतात, तेव्हा निर्णय कशावर ठरतो ते दिसतं. अंतर, पहिली फी, मामाने किंवा शहरातल्या भाऊजींनी दिलेला सल्ला आणि मित्र कुठे चालला आहे, या चार गोष्टींचं वजन फार पडतं. तिथे शिकवतं कोण, प्रॅक्टिकल खरंच होतं का, चार वर्षांनी त्या पदवीवर कुठे उभं राहता येतं, हे क्वचितच कोणी विचारतं. म्हणून खालची तुलना त्या मागे पडलेल्या प्रश्नांवरून केली आहे.

आधी अंतराचं

मागच्या हंगामात एक बाप-लेक आले. पोरीला सीईटीत चांगले गुण होते. बाबा बसायच्या आधीच म्हणाले, “भाऊ, पोरीले जवळचंच टाका. सांजच्या गाडीनं घरी आली पाह्यजे.” पोरगी काही बोलली नाही, पण कॉलेजांची यादी उघडली तेव्हा तिचं बोट अमरावतीच्या सरकारी इंजिनिअरिंगवर थांबलं. थोडं बोलणं झालं, तेव्हा बाबांनी एकच प्रश्न विचारला: “व्हस्टेल आवारातच हाय ना?” आवारात आहे म्हटल्यावर त्यांनीच सांगितलं, पहिल्या नंबरवर अमरावती टाका.

बऱ्याच घरांत ‘लांब’ याचा अर्थ किलोमीटर नसतो. संध्याकाळची शेवटची एसटी हुकली तर पोरगी रात्री कुठे राहील, ही खरी भीती असते. तिला उत्तर मिळालं की शंभर किलोमीटरही चालतात. उत्तर नसेल तर पंचवीससुद्धा लांब. मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पास फुकट असतो, पुढे सवलतीच्या पासात तिसरा हिस्सा भरावा लागतो. पण पास असून गाडीच नसेल तर काय करायचं? गावातून सकाळी किती वाजता गाडी निघते आणि कॉलेजचं पहिलं लेक्चर किती वाजता आहे, हे फॉर्म भरण्याआधी बघा.

पसंतीक्रमाबद्दल एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. इंजिनिअरिंग-फार्मसीच्या कॅप राउंडमध्ये (सरकारी केंद्रीय प्रवेश फेऱ्यांत) पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीचं कॉलेज लागलं, तर ती जागा आपोआप पक्की होते आणि पुढच्या फेऱ्यांत जाता येत नाही. जवळचं म्हणून एखादं साधारण कॉलेज पहिल्या नंबरवर टाकलं, की चांगलं कॉलेज मिळण्याजोगे गुण असूनही दार तिथेच बंद होतं. मनात जे आहे ते वर, जवळचं खाली.

तालुक्याचं बीए आणि भरती

सर्वांत जास्त पोरं इथेच जातात. फी कमी, घरचं जेवण, दुपारून शेतात मदत, आणि पहाटे रस्त्यावर धावण्याचा सराव. पोलीस भरतीला बारावी पुरते. मैदानी ५० गुणांची आणि लेखी १०० गुणांची. मुलांची १६०० मीटर धाव, मुलींची ८०० मीटर. त्यामुळे ‘बीए चालू ठेवतो आणि भरती मारतो’ हा हिशेब अगदीच चुकीचा नाही. ज्याचा बाप एकटा शेती ओढतो आहे, त्याच्यासाठी तर तोच एक रस्ता असू शकतो.

पण या रस्त्याला शेवटची तारीख नसते, आणि तिथेच पोरं अडकतात. पोलिसात खुल्या वर्गाची वयोमर्यादा २८, मागासवर्गीयांची ३३. पदवीवरच्या तलाठ्यासारख्या पदांना ती ३८ आणि ४३ पर्यंत जाते, म्हणून माणूस वाट पाहत राहतो. २०२३ च्या तलाठी भरतीत साडेचार हजारांच्या आसपास जागा होत्या आणि अर्ज दहा लाखांच्या वर गेले होते. हा आकडा भिंतीवर लिहून ठेवावा असा आहे. बीए घ्यायचं तर घरात बसून वर्ष ठरवा: अमुक वयापर्यंत भरती, नाही झालं तर अमुक. आणि सोबत हाताला काहीतरी शिकवा. टंकलेखन, आयटीआयचा एखादा ट्रेड, वाहनाचं लायसन.

मुलींच्या बाबतीत स्पष्ट बोलतो. तालुक्याच्या बीएला पोरगी ‘घरीच असते’ असं धरलं जातं आणि दुसऱ्या वर्षी पाहुणे येऊ लागतात. नर्सिंग किंवा डिप्लोमा करणाऱ्या पोरीचं लग्न कोर्स संपेपर्यंत थांबवायला घरच्यांकडे कारण असतं. कोर्स निवडताना हे कोणी उघड मोजत नाही. मी मोजा म्हणतो.

बीएस्सी ॲग्री

शेतकऱ्याच्या पोराने ॲग्री करावं, हे ऐकायला सरळ वाटतं. अकोल्याचं डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ १९६९ चं, नागपूरचं कृषी महाविद्यालय तर १९०६ चं. या दोन आवारांत शिकायला मिळालं तर दुसरा विचार करू नका. प्रयोगक्षेत्र, ग्रंथालय, स्पर्धा परीक्षा देणारे सिनिअर, सगळं तिथे असतं. कोर्स चार वर्षांचा, प्रवेश सीईटीवरून. शेतकरी कुटुंबातल्या मुलांना यात अधिभार (जादा गुण) मिळत आला आहे, म्हणून सातबारा आधीच काढून ठेवा.

प्रश्न खासगी कॉलेजांचा आहे. पदवीवर नाव कृषी विद्यापीठाचंच येतं, पण कॉलेज-कॉलेजात जमीन-अस्मानाचा फरक. बघायला जाल तेव्हा इमारत बघू नका, मागची शेती बघा. उन्हाळ्यात विहिरीला पाणी असतं का, पोरं स्वतः वाफे करतात की फक्त वही भरतात, शेवटच्या वर्षाची ‘रावे’ (शेतकऱ्यांसोबत राहून प्रत्यक्ष काम शिकण्याचं सत्र) गावात राहून होते की सह्यांवर, हे तिथल्याच पोरांना बाहेर चहाच्या टपरीवर विचारा. ते खरं सांगतात.

पदवीनंतर बँकेत कृषी क्षेत्र अधिकारी, कृषी सेवक, एमपीएससीची कृषी सेवा, बियाणे कंपन्यांची फिरस्तीची नोकरी, किंवा स्वतःचं कृषी सेवा केंद्र. यातलं शेवटचं लोक कमी समजतात, मला ते फार मोलाचं वाटतं. २०१७ साली आपल्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. कोणतं औषध कशात मिसळायचं नाही, तोंडाला काय बांधायचं, वारा कुठून आहे ते कसं बघायचं, हे शेतकरी काउंटरवरच्या माणसालाच विचारतो. तिथे शिकलेलं, गावचं, लाज धरणारं पोरगं उभं असणं ही आपली गरज आहे. मात्र भांडवल लागतं आणि उधारी वसूल करण्याची हिंमतही लागते. घरी दोन एकर कोरडवाहू आहे आणि ॲग्री केल्याने तिथून जास्त पीक निघेल, या आशेवर मात्र हा कोर्स घेऊ नका. पाणी नसेल तर पदवी तिथे काही करू शकत नाही.

नर्सिंग

चार वाटांमध्ये कोर्स संपल्यावर काम लवकर मिळण्याची शक्यता मला इथे सर्वांत जास्त दिसते. बीएस्सी नर्सिंग चार वर्षांचं, त्याला बारावीत जीवशास्त्र हवं आणि वेगळी सीईटी द्यावी लागते. जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) तीन वर्षांचं, तिथे आर्ट्सची पोरगीही जाऊ शकते. एएनएम दोन वर्षांचं. जीएनएमवाल्या पोरींना पुढे पोस्ट बेसिक बीएस्सी करून पदवी घेता येते, म्हणून बीएस्सीला नंबर लागला नाही तर वर्ष वाया घालवण्यापेक्षा जीएनएम बरं. बीएस्सी झालेल्यांना उपकेंद्रावर समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून काम मिळतं, पण ती कंत्राटी नोकरी आहे, हे धरून चाला. मुलांनीही हा कोर्स करावा, फक्त सरकारी भरतीत त्यांचा वाटा कमी असतो, म्हणून त्यांनी नागपूर-पुण्याच्या खासगी दवाखान्यांची तयारी ठेवावी.

इथे अडचण दोन ठिकाणी येते. पहिली म्हणजे इंग्रजी. दहावीपर्यंत मराठीत शिकलेली पोरगी पहिल्या सहामाहीत ॲनाटॉमीचं पुस्तक घेऊन रडते. ते सहा महिने निघाले की ती रुळते. सुट्टीतच शरीराच्या भागांची, रोगांची इंग्रजी नावं पाठ करायला लागा, फार फरक पडतो. दुसरी म्हणजे एजंट. बारावीचा निकाल लागला की ‘फी शून्य, हजेरीची चिंता नाही’ सांगत हे लोक गावोगाव फिरतात. ज्या कोर्समध्ये माणसाला सुई टोचायची आहे, त्यात हजेरी नको म्हणणारं कॉलेज पोरीला काय शिकवणार? महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची मान्यता बघा आणि कॉलेजचं स्वतःचं रुग्णालय पेशंटनी भरलेलं आहे का, ते डोळ्याने जाऊन बघा.

डी.फार्म.बद्दल थोडक्यात. दोन वर्षांत मेडिकल टाकता येतं म्हणून ओढा आहे आणि कॉलेजंही भरमसाट झाली आहेत. नोंदणीसाठी एक्झिट परीक्षेचा नियम आला आहे. स्वतः दुकानात बसणार असाल तरच करा. प्रमाणपत्र दुसऱ्याच्या दुकानात टांगून महिन्याचे पैसे घेण्याचा बेत असेल तर तो बेकायदा आहे, आणि चुकीचं औषध गेलं तर नाव तुमचंच निघतं.

डिप्लोमा आणि इंजिनिअरिंग

सीईटीत गुण कमी पडले म्हणून कुठल्याही खासगी इंजिनिअरिंगला पैसे भरण्यापेक्षा, बारावी सायन्सवर सरकारी पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाणं मला शहाणपणाचं वाटतं. दोन वर्षांत डिप्लोमा, मग वाटलं तर पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश. अमरावती, यवतमाळ, मुर्तिजापूर, खामगाव, आर्वी, ब्रह्मपुरी, गडचिरोली अशी सरकारी पॉलिटेक्निकं आपल्या हाताशी आहेत. वणी-चंद्रपूर पट्ट्यातल्या पोराने कोळसा आणि वीज डोळ्यांपुढे ठेवून मायनिंग, इलेक्ट्रिकल, मेकॅनिकल बघावं. कम्प्युटरच्या मागे सगळे धावतात म्हणून त्याने धावू नये. पदवीच करायची तर अमरावती, चंद्रपूर, नागपूर, यवतमाळ इथली सरकारी कॉलेजं आधी. नोकरी मात्र बहुतेकदा पुण्याकडे लागते, आणि एकुलतं एक पोरगं असलेल्या घराने हे आधी बोलून घ्यावं.

पैसा आणि कागद

८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने ईडब्ल्यूएस (खुल्या वर्गातल्या आर्थिक दुर्बल), एसईबीसी (मराठा) आणि ओबीसी मुलींना, कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर, व्यावसायिक कोर्सेसची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ झाली आहे. एससी-एसटीच्या मुलामुलींना शिष्यवृत्ती आधीपासून आहे. खुल्या वर्गातल्या मुलांना राजर्षी शाहू महाराज योजनेत शिक्षण फीची निम्मी सवलत मिळते. म्हणजे मुलीला बीएची फी परवडते आणि नर्सिंगची परवडत नाही, हे आता बऱ्याच घरांत खरं राहिलेलं नाही. पण हे सगळं कॅप राउंडमधून प्रवेश घेतला तरच. मॅनेजमेंट कोट्यात गेलात की सवलत गेली.

फी माफ झाली तरी मेस, खोली, पुस्तकं उरतात, आणि खेड्यातल्या घराला तोच खर्च मोडतो. अल्पभूधारकांच्या आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांना पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे, वसतिगृहात जागा न मिळालेल्या एससी मुलांना स्वाधार, एसटीला स्वयंम, ओबीसी आणि भटक्या-विमुक्तांना सावित्रीबाई फुले आधार. पैसे खात्यात यायला पुष्कळदा वर्ष सरतं, तेव्हा पहिलं वर्ष तुमच्याच खिशातून चालेल, असं धरून बोला. कॉलेज जुलैत किती मागतं आणि दिवाळीनंतर किती चालेल, हे तोंडी नको, कागदावर घ्या.

आणि व्हॅलिडिटी. गुण होते, कॉलेज लागलं होतं, पण जातपडताळणी झाली नव्हती म्हणून जागा गेली, हे मी दर हंगामात बघतो आणि दरवेळी जीव तुटतो. अर्ज अकरावीतच टाका. आजोबा-पणजोबांच्या दाखल्याची नोंद जुन्या शाळेच्या रजिस्टरमधून शोधायला वेळ लागतो, आणि अनुसूचित जमातीच्या समितीकडे तर त्याहून जास्त. उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमिलेअर आणि डोमिसाईल मे महिन्यात, सेतूवर रांग नसताना काढा. आधारवरचं नाव आणि दहावीच्या सनदेवरचं नाव अक्षरन् अक्षर जुळतं का ते आजच बघा. एका काना-मात्रेसाठी महाडीबीटीचा अर्ज परत आलेला मी पाहिला आहे. सही-शिक्क्याची कामं पेरणीच्या आधी उरकली, तर जुलैमध्ये तुम्हाला फक्त कॉलेजच निवडावं लागेल.