टायफॉइडची लस: साधी की कॉन्ज्युगेट?

मैत्रिणीचं बाळ ९ महिन्यांचं. साधी लस स्वस्त पडते, मग तीच का नको, असा तिचा प्रश्न.

आधी वय बघू, कारण खरा फरक तिथेच आहे. साध्या लसीत जंतूच्या आवरणातली फक्त शर्करा असते. शरीराच्या संरक्षण यंत्रणेतल्या मदतनीस टी पेशी ओळखतात प्रथिनांचे तुकडे, तेही दुसऱ्या पेशीनं आपल्या पृष्ठभागावरच्या एमएचसी नावाच्या रेणूवर मांडून दाखवले तरच. शर्करेसाठी त्यांची मदत येत नाही. अँटीबॉडी, म्हणजे जंतूला चिकटणारी संरक्षक प्रथिनं, बनवणाऱ्या बी पेशी एकट्या पडतात, आणि २ वर्षांखालच्या बाळात त्यांना एकट्यानं हे काम नीट जमत नाही.

कॉन्ज्युगेटमध्ये तीच शर्करा टिटॅनस टॉक्सॉइडसारख्या (धनुर्वाताच्या जंतूचं निरुपद्रवी केलेलं विष) प्रथिनाला जोडलेली असते. बी पेशी शर्करा पकडते, प्रथिनही आत घेते, त्याचे तुकडे टी पेशीला दाखवते आणि मदत मिळवते. अँटीबॉडी सरस होतात, स्मृतिपेशीही तयार होतात. किती सुंदर युक्ती!

टिकाऊपणा? साधी दर ३ वर्षांनी पुन्हा घ्यावी लागते, म्हणजे स्वस्ताईही फार उरत नाही.

नवी मुंबई महापालिकेनं २०१८ साली मुलांना कॉन्ज्युगेटच दिली. बाळांना आणि शाळकरी मुलांना तीच द्यावी. साधी लस मोठ्यांसाठी, तीही प्रवास तोंडावर असताना दुसरी मिळत नसेल तर.