गोमांसावरची आयातबंदी: खटला, वाटाघाट की कोटा?

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. निर्यातदार देशाला मी सांगेन, पायरी जरूर चढा, पण निकालावर भिस्त ठेवू नका.

निकालाचं काय होतं ते अमेरिका आणि युरोपच्या भांडणात दिसतं. वाढीसाठी हार्मोन टोचलेल्या जनावरांच्या मांसाला युरोपने १९८९ मध्ये दार बंद केलं. १९९६ मध्ये अमेरिका आणि कॅनडा जागतिक व्यापार संघटनेत गेले आणि १९९८ मध्ये जिंकले. बंदीमागे जोखमीचं नीट मूल्यमापन नाही, असा निकाल लागला. युरोपने तरीही बंदी उठवली नाही. मग १९९९ मध्ये लवादाने अमेरिकेला वर्षाला ११.६८ कोटी डॉलरपर्यंत सूड उगवायची मुभा दिली आणि रॉकफोर चीज, मोहरीची चटणी अशा मालावर १०० टक्के शुल्क बसलं. दंड भरला चीजवाल्यांनी, आणि ज्यांच्यासाठी खटला लढला त्या पशुपालकांचा एक किलोही जास्त विकला गेला नाही.

त्यांचं मांस युरोपात जास्त जायला लागलं ते २००९ च्या तडजोडीने: हार्मोनविरहित मांसाला शुल्कमुक्त कोटा, सुरुवातीला २० हजार टन. बंदी जागच्या जागी! पण कोट्यावर अमेरिकेचं नाव नव्हतं. ऑस्ट्रेलिया, उरुग्वेही त्यात शिरले आणि अमेरिकेचा वाटा आटत गेला. शेवटी २०१९ मध्ये ४५ हजारांपैकी ३५ हजार टन सात वर्षांत टप्प्याटप्प्याने अमेरिकेसाठी राखून ठेवायचं ठरलं.

निव्वळ वाटाघाटीचा नमुना जपानचा. २००३ च्या अखेरीस अमेरिकेत मॅड काउ हा गुरांच्या मेंदूचा रोग सापडला आणि जपानने आयात थांबवली. दोन वर्षांनी २० महिन्यांपर्यंतच्या जनावरांचं मांस चालू झालं, पण महिनाभरातच एका खेपेत, रोगाच्या धोक्यामुळे मनाई असलेले पाठीच्या कण्याचे तुकडे निघाले आणि पुन्हा बंदी आली. ती २००६ च्या जुलैत उठली. वयाची अट २०१३ मध्ये ३० महिन्यांवर गेली आणि २०१९ मध्ये संपली. चाल गोगलगायीची, पण दर टप्प्यावर माल खरोखर हलला.

घाईची वाटाघाट मात्र अंगाशी येते. २००८ मध्ये कोरियाच्या सरकारने अमेरिकेला भराभर सवलती दिल्या, तर सोलमध्ये मेणबत्त्या घेऊन लाखो लोक रस्त्यावर आले आणि ३० महिन्यांची अट परत आणावी लागली.

मला सर्वात पटते ती कॅनडाची चाल. त्याने आपल्या मांसावरच्या बंदीवरून २००९ मध्ये कोरियावर जागतिक व्यापार संघटनेत खटला भरला आणि तो चालू असतानाच २०११ मध्ये समझोता केला. २०१२ मध्ये कॅनडाचं मांस पुन्हा कोरियात जायला लागलं.

आता तर डिसेंबर २०१९ पासून संघटनेचं अपिलीय मंडळच ठप्प आहे. हरणारा अपील करून निकाल लटकवून ठेवू शकतो.

म्हणून आधी बंदीचं कारण बघा. कारण रोगाचं असेल तर वय आणि काढून टाकायचे अवयव यांवर टप्प्याटप्प्याने बोलणी करा, अडलं तर खटला भरा. हार्मोनसारखं, गिऱ्हाइकाच्या मनात बसलेलं कारण असेल तर पहिल्या बैठकीतच कोटा मागा, आणि त्यावर आपल्या देशाचं नाव लिहून घ्या.