पंखा-नळीचा ६ लिटरचा गॅस गीझर: पाणी झकास, पण बसवणाऱ्यावर नजर ठेवा

गॅस गीझर घ्यायला गेलं की दुकानदार दोन गोष्टी सांगतो. पाणी लगेच गरम होतं आणि विजेचं बिल वाढत नाही. दोन्ही खऱ्या आहेत. धुराचा विषय मात्र तो आपणहून काढत नाही, कारण फळीवर मांडलेल्या बहुतेक मॉडेलना धुराची नळीच नसते. माथ्यावर नुसत्या फटी, आणि जळालेला वायू तिथून सरळ बाथरूममध्ये. इथे परीक्षण आहे ते दुसऱ्या जातीचं: आत पंखा, माथ्यावर ६० मिलिमीटरची नळी आणि ती नळी भिंतीबाहेर. दुकानात याला 'फोर्स्ड एक्झॉस्ट' म्हणून मागायचं.

नळीसाठी जास्त पैसे का मोजायचे, ते आधी हिशेबाने पाहू. मिनिटाला ६ लिटर पाणी २५ अंशांनी तापवायला साधारण १२ किलोवॉटची आच लागते. म्हणजे स्वयंपाकघरातल्या शेगडीचे पाच मोठे बर्नर एकदम पेटवल्यासारखं. तासाला जवळजवळ १ किलो गॅस जळतो आणि त्याला कमीत कमी १२ घनमीटर हवा लागते. १० मिनिटांच्या आंघोळीला २ घनमीटर. चार बाय सहा फुटांच्या, आठ फूट उंच बाथरूममध्ये हवाच असते साडेपाच घनमीटर. दार-खिडकी लावून घेतली की प्राणवायू उतरायला लागतो, ज्योत पिवळी पडते आणि कार्बन मोनॉक्साइड हा बिनवासाचा विषारी वायू तयार होतो. सिलिंडरच्या गॅसला मुद्दाम दिलेला वास ज्योतीत जळून जातो, त्यामुळे नाकाला काही कळत नाही. डोकं जड होतं, मळमळतं. गरम पाण्यामुळे असेल म्हणून माणूस तसाच बसून राहतो आणि उठायला जातो तेव्हा पाय साथ देत नाहीत. नळी नसलेला गीझर बाथरूमच्या आत बसवायचाच नाही, याबाबत आमचं मत ठाम आहे.

पंखावाल्या मॉडेलचं काम चांगलं आहे. नळ उघडला की आधी पंखा फिरतो, आतला स्विच हवेचा दाब तपासतो, मग ठिणगी पडते. पंखा अडला किंवा नळीत घरटं झालं तर गीझर पेटतच नाही. हाच त्याचा मोठा गुण, आणि लोकांची तक्रारही याचीच. वीज गेली की गरम पाणी बंद. दोन सेलवर चालणारा साधा गीझर लोडशेडिंगमध्येही चालतो, म्हणून गावाकडे तोच खपतो. काही मेकॅनिक 'कटकट नको' म्हणून दाबाच्या स्विचच्या दोन वायरी जोडून देतात. तसं केलेलं दिसलं तर गीझर तिथेच बंद करा.

खरी गडबड होते ती बसवताना. सोबतची नळी ९ इंची भिंतीपलीकडे पुरेल का, हे भोक पाडण्याआधी मोजा. नळीचं तोंड भिंतीतच संपलं तर धूर फटीतून परत येतो. पंखावाल्या नळीला बाहेरच्या बाजूने किंचित उतार हवा, म्हणजे पावसाचं आणि वाफेचं पाणी गीझरमध्ये न येता बाहेर टपकेल. पंखा नसलेल्या नळीचं याच्या उलट, ती बाहेर जाताना चढतीच असावी लागते. सांधे ॲल्युमिनियम टेपने बंद करा, साधी चिकटपट्टी उष्णतेने सुटते. लांबी आणि वळणं माहितीपत्रकात दिली असतील तेवढीच ठेवा.

पीव्हीसी पाइप चालणार नाही. मुलाकडे न्यू जर्सीला घराच्या भिंतीतून फर्नेसचा (घर गरम ठेवणाऱ्या गॅसभट्टीचा) पांढरा प्लास्टिक पाइप बाहेर आलेला पाहून इथेही तो मागणारे भेटतात. ती कंडेन्सिंग फर्नेस असते. धुरातली बहुतेक उष्णता ती आधीच काढून घेते, त्यामुळे बाहेर पडणारा वायू जेमतेम कोमट असतो. आपल्या गीझरचा धूर प्लास्टिक वाकवेल इतका तापलेला असतो.

नळीचं तोंड मोकळ्या आकाशाकडे हवं, खिडकीपासून निदान फूटभर लांब. इमारतीच्या डक्टमध्ये सोडलेला धूर वरच्या मजल्यावरच्यांच्या बाथरूममध्ये शिरतो. काचा लावून बंद केलेली गॅलरीही बाद.

नळी धूर बाहेर नेते, पण हवा खोलीतलीच घेते, म्हणून दाराच्या खालच्या भागात फूटभर रुंद, ६ इंच उंच लूव्हर (हवा येऊ देणारी तिरप्या पट्ट्यांची जाळी) लावून घ्या. भिंतीतल्या एक्झॉस्ट फॅनने हे काम होत नाही. आत यायला वाट नसेल तर तो फॅन गीझरच्याच नळीतून हवा ओढतो आणि धूर उलटा खेचतो. तपासणी सोपी आहे. दार-खिडकी लावा, फॅन चालू करा, गीझर ५ मिनिटं चालवा आणि पेटती उदबत्ती नळीच्या सांध्याजवळ धरा. उदबत्तीचा धूर सांध्यापासून दूर ढकलला गेला तर तिथून गळती आहे. तपासणारा आत एकटा नको.

देखभालीत वर्षातून एकदा बर्नर आणि पाणी तापवणाऱ्या तांब्याच्या पात्या साफ करून घेणं आलं. पात्यांवर काजळी दिसली की गीझर बंद ठेवून माणूस बोलवा. पाइप गॅस असेल तर सिलिंडरवर चालणारं मॉडेल तसंच जोडू नका. दोन्हींचा दाब आणि जेटची (बर्नरला गॅस सोडणाऱ्या तोटीची) भोकं वेगळी असतात.

कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म घेताना 'गॅस लीक' लिहिलेला उचलू नका, त्याला हा वायू कळत नाही. ईएन ५०२९१ या युरोपीय मानकाचा घ्या. हवेच्या दहा लाख भागांत ३०० भाग (३०० पीपीएम) कार्बन मोनॉक्साइड झाला की तो ३ मिनिटांच्या आत वाजतो.

घरात आधीच बिननळीचा गीझर असेल तर तो टाकून द्यायची गरज नाही. उघड्या बाल्कनीत हलवा आणि गरम पाण्याची लाइन आत घ्या. १५ फुटांच्या अर्धा इंची सीपीव्हीसी पाइपमध्ये अर्धा-पाऊण लिटर पाणी मावतं. तेवढंच काय ते सुरुवातीला गार येईल.