डिफ सटकतोय: बॉल डिफ दुरुस्त करायचा की गिअर डिफ बसवायचा?

थ्रॉटल दिला की रिमोट कंट्रोल गाडीची मोटर किंचाळते, गाडी जागेवरच रेंगाळते आणि मागून बेडूक ओरडल्यासारखा ‘कर्रर्र’ आवाज येतो. १/१० स्केलची टू-व्हील ड्राइव्ह बग्गी असेल तर हा आवाज कधी ना कधी ऐकू येतोच. मग संशय डिफवर, म्हणजे मागच्या दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या डिफरेन्शियलवर जातो, आणि मनात येतं, बॉल डिफची कटकटच नको, सरळ गिअर डिफ घेऊन टाकू.

मीही घेतला होता. बसवला, रविवारी मैदानावर गेलो आणि पहिल्याच थ्रॉटलला पुन्हा तोच बेडूक. स्लिपरचा, म्हणजे जास्त झटका आला की मुद्दाम घसरणाऱ्या क्लचचा, नट सैल झाला होता. डिफ बिचारा ठणठणीत होता.

म्हणून पैसे काढण्याआधी दोन मिनिटं द्या. गिअरबॉक्सवरचं झाकण काढा. दुसऱ्या कुणाला तरी मागची दोन्ही चाकं घट्ट धरायला सांगा आणि अंगठ्याने स्पर गिअर (मोटरने फिरणारा मोठा गिअर) पुढे ढकला. स्पर फिरला पण त्याच्या आतला शाफ्ट स्थिर राहिला, तर सटकतोय तो स्लिपर. शाफ्टही फिरला आणि चाकं मात्र धरलेलीच आहेत, तर डिफ. आणखी एक खूण म्हणजे स्पर आणि एक चाक धरून ठेवायचं आणि दुसरं चाक पिळायचं. ते फिरता कामा नये. फिरलं तर आत काहीतरी घसरतंय. पिनियनचा (मोटरवरच्या छोट्या गिअरचा) ग्रब स्क्रू आणि चाकाच्या हेक्समागची (षटकोनी हबमागची) पिन हेही बघून घ्या. पिन पडली तर हबच्या आत चाक नुसतं गरगरतं आणि खापर डिफवर फुटतं.

दोष डिफचाच निघाला, तर आता दोन्ही प्रकार समोरासमोर ठेवू.

बॉल डिफमध्ये ताकद दातांवरून जात नाही. प्लॅस्टिकच्या मुख्य गिअरच्या भोकांत छर्रे बसवलेले असतात आणि दोन्ही बाजूंच्या स्टीलच्या रिंगा त्यांना दाबून धरतात. हा दाब एका लांब स्क्रूमुळे आणि छोट्या स्प्रिंगमुळे मिळतो. सगळा खेळ घर्षणाचा, त्यामुळे दाब कमी पडला की डिफ सटकणारच. गिअर डिफमध्ये सीलबंद डबीत बेव्हल गिअर असतात आणि भोवती सिलिकॉनचं जाड तेल. तिथे दातात दात अडकलेला असतो, म्हणून तो खऱ्या अर्थाने सटकत नाही. ‘कट कट’ असा आवाज आला तर दात गेलेत किंवा शिम (पातळ वॉशर) कमी पडून गिअर एकमेकांपासून लांब गेलेत. त्यावर स्क्रू आवळून इलाज होत नाही.

गिअर डिफवाले आणखी एका गोष्टीला ‘स्लिप’ म्हणतात. वळणावर आतलं चाक हलकं होतं, सगळी ताकद तिकडे पळते आणि ते हवेत भिरभिरतं. हे दात गेल्याचं लक्षण नाही, तेल पातळ आहे किंवा ओ-रिंगमधून गळून गेलंय इतकंच.

आता दुरुस्तीचं. बॉल डिफचा मोठा फायदा हा की बहुतेक बग्ग्यांमध्ये तो गाडीतून न काढता आवळता येतो. एका बाजूचा डॉगबोन (चाकाकडे जाणारा दांडा) काढायचा, तो ज्यात बसतो त्या आउटड्राइव्हच्या भोकातून ॲलन की घालायची आणि दुसरं चाक हळू फिरवायचं. स्प्रिंग पूर्ण दाबली जाईपर्यंत आवळून मग साधारण एक अष्टमांश फेरा मागे. तरीही सटकत असेल तर उघडावा लागतो, आणि तिथे संयमाची परीक्षा. मी स्टीलच्या ताटात पांढरा कपडा पसरून त्यावर उघडतो, कारण थ्रस्ट बेअरिंगचे (त्या लांब स्क्रूचा दाब पेलणाऱ्या बेअरिंगचे) छर्रे मोहरीच्या दाण्याएवढे असतात आणि फरशीवर पडले की गेलेच. रिंगांवर नख फिरवा. खोबण लागली तर रिंग उलटी करून बसवा. दोन्ही बाजू खराब झाल्या असतील तर काचेवर ६०० नंबरचा पॉलिश पेपर ओला करून गोल गोल घासा, नाहीतर नवीन घ्या. डिफ फिरवताना खरखर लागत असेल तर मुख्य छर्ऱ्यांवर संशय घेण्याआधी थ्रस्ट बेअरिंग तपासा. बहुतेक वेळा चोर तोच असतो.

ग्रीसच्या बाबतीत मात्र तडजोड नको. मुख्य छर्ऱ्यांना सिलिकॉन डिफ ग्रीस आणि थ्रस्ट बेअरिंगला काळं मॉलिब्डेनम ग्रीस. आमच्यातल्या एकाने गॅरेजमधलं व्हील बेअरिंगचं ग्रीस चोपडलं होतं. डिफ लोण्यासारखा मऊ फिरायला लागला आणि गाडी जागची हलेना. जिथे घर्षण हवं तिथेच त्याने वंगण घातलं होतं. शेवटी स्क्रू आवळून आवळून तो ज्यात बसतो त्या टी-नटचे आटेही गेले. नवीन बांधलेल्या बॉल डिफला आळीपाळीने एकेक चाक धरून अर्धा मिनिट हळू फिरवून रुळवावं लागतं, मग परत थोडं आवळावं लागतं. हे टाळलं तर पहिल्याच बॅटरीत तो सैल पडतो.

गिअर डिफ इतके लाड मागत नाही. तेल क्रॉस-पिन (आतल्या छोट्या गिअरच्या आडव्या पिना) बुडतील इतकंच भरायचं, बुडबुडे वर येऊ द्यायचे आणि झाकण बंद करायचं. टू-व्हील बग्गीच्या मागच्या डिफला ५००० सीएसटीपासून (हे तेलाच्या जाडपणाचं माप) सुरुवात करा. १०,००० म्हणजे साधारण मधाएवढं जाड. गैरसोय अशी की तेल बदलायचं तर पूर्ण डिफ बाहेर काढावा लागतो, त्यामुळे मैदानावर ‘जरा सैल करून बघू’ हा प्रकार जमत नाही.

चालवताना जाणवणारा फरक माझ्या मते इथे आहे. तेलाचा विरोध दोन चाकांच्या वेगातल्या फरकाबरोबर वाढतो, तर बॉल डिफचा विरोध जवळपास सारखाच राहतो. त्यामुळे निसरड्या मातीवर बॉल डिफची बग्गी वळणातून बाहेर पडताना शांत राहते. कार्पेटसारख्या घट्ट पकडीच्या ट्रॅकवर आणि तगड्या मोटरला गिअर डिफ बरा. पण १/१२ च्या कार्पेटवरच्या बऱ्याच पॅन कार (सपाट पट्टीच्या चासीवरच्या गाड्या) बॉल डिफवर पळतात, कारण त्या हलक्या असतात आणि त्यांचा डिफ थेट मागच्या ॲक्सलवर असल्याने पटकन सेट करता येतो.

आपल्याकडे मुरूम हा वेगळाच विषय आहे. त्याची बारीक लाल धूळ बॉल डिफमध्ये शिरली की ग्रीसची पेस्ट होते आणि रिंगा खाऊन टाकते. मुरमावर ३एस (तीन सेलची) बॅटरी आणि ब्रशलेस मोटर लावून उड्या मारायच्या असतील, किंवा गाडी पोरांच्या हाती जाणार असेल, तर माझं मत सरळ गिअर डिफला. २एस, मवाळ मोटर आणि स्क्रू-पान्यांत रमणारा माणूस असेल तर बॉल डिफच दुरुस्त करा. रिंगा आणि छर्रे बदलले की तो नव्यासारखा होतो आणि खर्चही पूर्ण गिअर डिफपेक्षा कमीच येतो.

टामियाची टीटी-०२ ही गाडी असणाऱ्यांसाठी एक टीप. तिचा मूळ डिफ गिअरचाच असतो, पण सीलबंद नसतो. त्यात पातळ तेल ओतलं तर ते गिअरबॉक्सभर होतं. एकतर जाड अँटी-वेअर ग्रीस भरा, नाहीतर तिच्यासाठी वेगळा मिळणारा ऑइल डिफ घ्या.

माझ्या बग्गीत सध्या तोच चुकून घेतलेला गिअर डिफ आहे, ५००० च्या तेलावर. जुना बॉल डिफ फिल्मच्या डबीत पडून आहे. पावसाळ्यानंतर मैदान धुऊन निघतं, धूळ बसलेली असते, तेव्हा महिनाभर तो परत चढवतो.