दिवाणखान्यातली पीयूची नक्षी: कॉर्निस, पिलास्टर आणि छतावरचं फूल

दादरच्या आमच्या जुन्या घराच्या दिवाणखान्यासाठी पॉलियुरेथेनची, बाजारात जिला नुसतं ‘पीयू’ म्हणतात ती, तयार नक्षी घेतली. छताच्या कडेला दातेरी कॉर्निस, दाराच्या दोन्ही बाजूंना पिलास्टर, म्हणजे भिंतीला चिकटलेले चपटे खांब, आणि पंख्याच्या हुकाभोवती गोल फूल. पावसाळा गेल्यावर लिहितेय, कारण आमच्याकडे खरी परीक्षा तेव्हाच होते. भिंतीला ओल आली, पण नक्षी फुगली नाही की तिचे पोपडेही निघाले नाहीत. याच भिंतीवरचं पीओपी (प्लास्टर ऑफ पॅरिस) दरवर्षी भुसभुशीत व्हायचं.

जे.जे. कला महाविद्यालयात शिकताना प्लास्टरच्या ग्रीक-रोमन नमुन्यांवरून अकँथस या काटेरी कडांच्या झाडाचं पान पुष्कळ रेखाटलंय. त्यामुळे दुकानात माझी नजर आधी खांबाच्या कॉरिंथियन, म्हणजे याच पानांनी मढवलेल्या, शिरावर जाते. पानाचं टोक पुढे वळलेलं हवं आणि त्या वळणाखाली सावली पडायला हवी. हलक्या मालात साचा झिजलेला असतो, पानाच्या खाचा भरून जातात आणि लांबून नुसता गोळा दिसतो. आम्ही घेतलेल्या मालाची धार चांगली आहे. एका शिराचा कोपरा येताना दबला होता, तो दुकानाने कुरकुर न करता बदलून दिला. खांबावर उभ्या सात खाचा आहेत, रोमन पिलास्टरवर बहुतेकदा असतात तितक्याच. हे पाहून फार बरं वाटलं.

कॅटलॉगमधल्या सजावटीशी मात्र माझं जमत नाही. त्यात मोकळ्या भिंतीच्या मध्यावर ब्रॅकेट, म्हणजे वरचं काही पेलायचा आधार, चिकटवलेलं, वर काहीच नाही. फोर्टातल्या १८३३ च्या टाउन हॉलसमोर उभं राहून पाहा: साध्या शिराचे डोरिक खांब काहीतरी पेलताना दिसतात, म्हणून ते देखणे. कॉर्निसखालचे दातसुद्धा लाकडी छपराच्या वाशांची पुढे आलेली टोकं आहेत, असं रोमन वास्तुकार विट्रुव्हियसने लिहून ठेवलंय. घरातल्या नक्षीने खरं वजन पेलायचं नसलं, तरी पेलल्याचा भास व्हायलाच हवा. म्हणून आमचे पिलास्टर खाली पायापासून निघून वर थेट कॉर्निसला भिडवून घेतले.

बसवणाऱ्याला आधीच बजावून ठेवा. जुन्या घराचे कोपरे काटकोनात नसतात. डोळे मिटून ४५ अंशांत कापलं तर फट राहते. कोन मोजून त्याच्या निम्म्यात कापायचं, करवत बारीक दातांची घ्यायची. भिंतीला लावायचा गोंद वेगळा आणि दोन तुकड्यांच्या जोडाचा वेगळा. दुसरा टाळला की जोडाला चीर जाते. माल प्रायमर मारूनच येतो. त्यावर मॅट इमल्शनचे दोन पातळ हात ब्रशने द्यावेत, जाड रंगाने सगळं कोरीवपण बुजतं. आम्ही भिंतीचाच मोतिया रंग नक्षीलाही दिला. सकाळी खिडकीतून तिरपं ऊन आलं की दात न् दात उठून दिसतो, सोनेरी रंगाची गरजच पडत नाही.

पीओपीपेक्षा हे महाग पडतं, पण ओलीच्या घरात मी पुन्हा हेच घेईन. फक्त गॅस आणि समईपासून लांब ठेवा. शेवटी हा फोम आहे, पेट घेतो. देवघराच्या कमानीसाठी दुकानदार पीयूचाच आग्रह धरत होता, तिथे मी प्लास्टरच करून घेतलं.